रानअळंबी : वारुळावरची आणि हिरवळीवरची

पावसाळ्याच्या सुरुवातीच्या आठवड्यांत कोकण आणि गोव्याच्या बाजारांत रानअळंबी विक्रीस येते. विदर्भात तिला 'सात्या', 'टेकोडे' अशी नावे आहेत. दरही चांगला मिळतो. मात्र याच दिवसांत शहरांतील बागांच्या आणि सोसायट्यांच्या हिरवळीवर उगवणारी छत्रीही तशीच पांढरी आणि मांसल दिसते. विषबाधेचे मूळ बहुधा या साम्यातच असते.

खाण्याजोग्या रानअळंबीतील सर्वांत परिचित गट टर्मिटोमायसिस या प्रजातीचा. वाळवी आपल्या वारुळात ही बुरशी अक्षरशः पिकवते. पाऊस मुरला की तिच्या छत्र्या जमिनीवर येतात. छत्रीच्या मधोमध टोकदार उंचवटा असतो आणि देठ मुळासारखा निमुळता होत थेट वारुळापर्यंत गेलेला असतो. काही बारीक जातींत असे मूळ आढळत नाही. जाणकार गावकरी छत्री खुडत नाहीत. भोवतालची माती हलकेच सैल करून ती मुळासकट काढतात, कारण खरी ओळख जमिनीखालीच असते. बाजारात देठ कापून आलेल्या जुडीत नेमकी हीच खूण हरवलेली असते.

हिरवळीवर, अनेकदा वर्तुळाकार उगवणारे क्लोरोफायलम मॉलिब्डाइटीस हे विषारी भूछत्र. त्याच्या टोपीवर तपकिरी खवले आणि देठावर सुटे कडे असते. मुळासारखा भाग नसतो. टोपीखालचे पातळ पडदे कोवळेपणी पांढरेच असतात, पुढे हिरवट होतात. फसगत होते ती कोवळेपणी. अशा वेळी टोपी पांढऱ्या कागदावर पालथी घालून रात्रभर वाडग्याखाली झाकावी. बीजाणूंचा ठसा हिरवट उमटल्यास हे भूछत्र टाकून द्यावे. टर्मिटोमायसिसचा ठसा गुलाबीसर असतो. परंतु एन्टोलोमा या गटातील विषारी जातींचाही ठसा गुलाबीच उमटतो. त्यामुळे एका खुणेवर विसंबून भागत नाही.

सर्वांत घातक जाती अमानिटा गटात आहेत. त्यांचे पडदे बहुधा पांढरेच राहतात, बुडाशी वाटीसारखे आवरण असते आणि ठसाही पांढरा उमटतो. यातील अमाटॉक्सिन हे विष शिजवल्याने नष्ट होत नाही. चांदीचे नाणे काळे पडणे, लसणाचा रंग बदलणे, किड्यांनी छत्री खाल्लेली असणे, या घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या परीक्षांना कोणताही आधार नाही. एप्रिल २०२२ मध्ये आसामच्या वरच्या भागात रानटी भूछत्रे खाल्ल्याने १३ जणांचा मृत्यू झाला होता. त्यांत बहुतेक जण चहामळ्यांतील कामगार कुटुंबांतील होते.

क्लोरोफायलमचा त्रास साधारण १ ते ३ तासांत उलट्यांनी सुरू होतो. अमाटॉक्सिनची लक्षणे मात्र बहुधा ६ ते २४ तासांनी दिसतात. मग उलट्या-जुलाब थांबतात, रुग्ण बरा झाल्यासारखा वाटतो आणि त्याच काळात यकृत निकामी होत जाते. म्हणून उतार पडला तरी रुग्णालयातून घरी नेण्याची घाई करू नये. उरलेली भूछत्रे, शिजवलेली भाजीसुद्धा, सोबत न्यावीत. कच्ची असल्यास कागदी पिशवीत, कारण प्लास्टिकमध्ये ती लवकर कुजतात आणि ओळखता येत नाहीत.