काळजाचा तुकडा

आपल्या भाषेत लेकराला 'काळजाचा तुकडा' म्हणतात. काळीज म्हणजे हृदय असे आपण धरून चालतो, पण या शब्दाचा अर्थ यकृत असाही आहे. मटणाच्या दुकानात कलेजी मागणाऱ्यांना ते वेगळे सांगायला नको! आईबापांनी आपल्या काळजाचा तुकडा खरोखरच लेकराला देण्याची गोष्ट जेमतेम चार दशकांची आहे आणि तिचा आपल्या दिल्लीशी जवळचा संबंध आहे. बालरोग विभागात परिचारिका म्हणून माझी बरीच वर्षे गेली, म्हणून यंदा स्मरणिकेसाठी हाच विषय घेतला.

काही बाळांच्या यकृतातून आतड्यात पित्त नेणाऱ्या नलिका जन्मतःच किंवा जन्मानंतर थोड्याच दिवसांत बंद होतात. या दुर्मीळ दोषाला 'बिलिअरी अट्रेझिया' म्हणतात. पित्त आतच तुंबते आणि यकृत हळूहळू निकामी होते. उपचार झाले नाहीत तर बहुतेक बाळे दोन वर्षांच्या आत दगावतात.

पहिला मार्ग काढला जपानमधील सेंदाई येथील डॉ. मोरिओ कासाई यांनी. १९५५ मध्ये त्यांनी निकामी नलिका काढून आतड्याचे टोक थेट यकृताला जोडले. ही हकीकत १९५९ साली जपानी भाषेत छापली गेली. इंग्रजीत यायला १९६८ उजाडले. या शस्त्रक्रियेने अनेक बाळे वाचली, पण सगळी नाहीत. उरलेल्यांसाठी यकृत बदलणे एवढाच उपाय होता.

१ मार्च १९६३ रोजी अमेरिकेत डेन्व्हर येथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी माणसावरील पहिले यकृत प्रत्यारोपण केले. तो रुग्णही याच आजाराचा तीन वर्षांचा मुलगा होता. रक्तस्राव थांबला नाही आणि तो शस्त्रक्रियेतच गेला. वर्षाहून अधिक जगलेला पहिला रुग्ण १९६७ साली मिळाला, तीही एक लहान मुलगीच. १९८० च्या सुमारास सायक्लोस्पोरिन हे औषध आले, शरीर परके यकृत नाकारते त्याला आळा बसला आणि जगणाऱ्यांची संख्या वाढली.

तरी तान्ह्या बाळांची अडचण सुटली नाही. त्यांच्या पोटात मावेल एवढे छोटे यकृत मिळणार कोठून? वाट पाहतापाहताच कितीतरी बाळे गेली. १९८४ मध्ये पॅरिसचे डॉ. हेन्री बिस्मथ यांनी मोठ्या माणसाचे यकृत कापून लहान करून बसवण्याची रीत मांडली. यकृताचा काही भाग काढला तरी उरलेला भाग वाढतो, मग जिवंत माणसाचाच तुकडा का घेऊ नये? १९८८ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या साओ पावलो येथे तसा प्रयत्न झाला, पण मूल वाचले नाही. १९८९ च्या जुलैत ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे डॉ. रसेल स्ट्राँग यांना यश आले. दाती होती एक जपानी आई आणि तो तुकडा होता तिच्या मुलासाठी. जपानमध्ये तेव्हा मेंदूमृत व्यक्तीचे अवयव घेण्याचा कायदा नव्हता. तो १९९७ साली आला.

काही बाळांत हा आजार आणखी गुंतागुंत घेऊन येतो. पोटातील अवयव उलट बाजूला असतात, प्लीहा अनेक असतात, यकृतामागची मोठी शीर तेथे नसतेच. एके काळी अशा बाळांना प्रत्यारोपण नाकारले जाई. पुढे शल्यविशारदांनी शिरा जोडण्याच्या वेगळ्या युक्त्या शोधल्या आणि त्यांनाही दार उघडले.

आपल्या देशात अवयवदानाचा कायदा १९९४ साली झाला. त्यानंतर १९९८ च्या नोव्हेंबरात दिल्लीत सरिता विहारच्या अपोलो रुग्णालयात लहान मुलावरील देशातले पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण झाले. तमिळनाडूतील कांचीपुरमचा तो मुलगा दोन वर्षांचाही नव्हता. वडिलांनी आपल्या यकृताचा तुकडा त्याला दिला. २०२३ मध्ये या घटनेला २५ वर्षे झाली, तेव्हा तो स्वतः डॉक्टर झाला होता!

हा इतिहास अभिमानाचा आहे, पण मला यातली एक साधी गोष्ट आपल्या घराघरांत पोचवायची आहे. कासाईंची शस्त्रक्रिया बाळ साठ दिवसांचे होण्याच्या आत झाली तर यशाची शक्यता अधिक असते. आपल्याकडे मात्र "बाळकावीळ आहे, कोवळे ऊन द्या", "झाडपाल्याचे औषध आणा" यातच ते दिवस निघून जातात. गावाकडची आजी जवळ नसते, शेजारीपाजारी सांगतील ते खरे वाटते. उशिरा आलेली अशी बाळे मी खूप पाहिली. बाळ वरवर गुटगुटीत दिसते, म्हणून घरच्यांना शंकाच येत नाही.

तैवानने २००४ पासून प्रत्येक नव्या आईच्या हाती शीच्या रंगांचे चित्र असलेले कार्ड दिले आणि तिथे बाळे वेळेवर दवाखान्यात येऊ लागली. आपल्याला कार्डाचीही वाट पाहायला नको. बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही उतरली नाही, शी पांढुरकी किंवा मातकट फिकट होते आणि लघवीने दुपटे गडद पिवळे होते, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि बिलिरुबिनचे दोन्ही प्रकार तपासून घ्या. काळजाचा तुकडा देण्याची वेळ काही आईबापांवर तरीही येईलच, पण लंगोट उजेडात नीट पाहिल्याने काहींची ती नक्की टळेल.