दूधवाल्याची वही

आमचा इतिहास झाला तो नाथमाधवांच्या कादंबऱ्यांतून. वडील रात्री मोठ्यानं वाचायचे आणि गड सर झाला की मी पांघरुणाचंच मुंडासं बांधायचो. पुढं वेल्ह्याहून तोरणा खरोखर चढलो तेव्हा निम्म्या वाटेतच उमगलं, कादंबरीकार चढण दोन ओळींत का आटपतात ते!

दुसऱ्या दिवशी भोरकडच्या कारीला गेलो. कान्होजी जेध्यांचं गाव. त्यांच्या घराण्यातली शकावली लोकमान्यांनी १९१६ साली छापली. ती मी घरी आणली, तर आमची ही म्हणाली, “अहो, ही तर दूधवाल्याची वही!” खोटं नाही. साल, तिथी, काय घडलं, खलास. ना संवाद, ना टापांचा आवाज. पण तिच्यातल्याच एका नोंदीनं शिवजन्म १६२७ वरून १६३० च्या फाल्गुन वद्य तृतीयेला आणून ठेवला. सरकारदरबारी ते पक्कं व्हायला २००१ उजाडलं, ते असो.

मनातून जरा रागच आला होता वहीचा. वडिलांचे ते खंड खोटे पडले की काय? आता दोन्ही उशाशी असतात. वहीतली ओळ झटकन संपते. पुढचं वाचायला वडिलांचा आवाज लागतो. टापासुद्धा तेच वाजवायचे, तोंडानं.