बोर्डिंगच्या पंगतीपासून विधिमंडळापर्यंत : दिवाणबहादूर अण्णासाहेब लठ्ठे

दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाज हा मुख्यत्वेकरून शेतकऱ्यांचा समाज. कृष्णा, वारणा, पंचगंगा आणि दूधगंगा या नद्यांच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणाऱ्या या समाजात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिक्षणाचे प्रमाण अत्यल्प होते. चतुर्थ, पंचम, शेतवाळ, कासार अशा पोटजातींच्या भिंतीही मजबूत होत्या. अशा काळात, ९ डिसेंबर १८७८ रोजी कुरुंदवाड येथे अण्णा बाबाजी लठ्ठे यांचा जन्म झाला. एम. ए., एल्एल. बी. पर्यंतचे शिक्षण, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापकपद, पुढे संस्थानच्या शिक्षण खात्यात अधिकार हा त्यांच्या पूर्वायुष्याचा क्रम सर्वश्रुत आहे. १९०५ साली त्यांनी जैन धर्माची ओळख करून देणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. त्याआधी १८९९ साली स्तवनिधी क्षेत्रावर दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली होती. तिच्या उभारणीत विशीतल्या अण्णासाहेबांचा वाटा मोठा होता. सभेच्या कार्याविषयी अनेकांनी लिहिले आहे, म्हणून येथे त्याचा विस्तार करीत नाही.

विस्ताराने सांगावयास हवा तो कोल्हापूरच्या दिगंबर जैन बोर्डिंगमधील एक प्रसंग. समाजाच्या थोर पुरुषाविषयी लिहिताना तो टाळावासा वाटतो. तथापि तो टाळला, तर अण्णासाहेबांच्या पुढील तीस वर्षांच्या सार्वजनिक कार्याचा अर्थच उलगडत नाही.

राजर्षी शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. त्याच सुमारास निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी कोल्हापुरात वसतिगृहांची मालिकाच उभी राहिली. जैन बोर्डिंग हे त्यांतील आरंभीच्या वसतिगृहांपैकी एक होते आणि त्याची सूत्रे अण्णासाहेबांच्या हाती होती. १९०८ च्या सुमारास अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास जैन बोर्डिंगमधील एक उंचापुरा, मल्लासारखा विद्यार्थी आवर्जून गेला. परत आल्यावर, भोजनगृहात पाऊल टाकण्यापूर्वी स्नान करून शुद्ध व्हावे, असे त्यास सांगण्यात आले. त्याने साफ नकार दिला. अण्णासाहेबांनी त्यास बोर्डिंगमधून काढून टाकले. तो विद्यार्थी म्हणजे कुंभोजचे भाऊराव पायगोंडा पाटील, अर्थात पुढे अवघ्या महाराष्ट्राचे झालेले कर्मवीर अण्णा.

अण्णासाहेबांच्या बाजूनेही विचार करावयास हवा. बोर्डिंग समाजाच्या देणग्यांवर चालत होते. मुलांना शिकावयास पाठविणारे पालक सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत कडक होते, आणि एका मुलाच्या हट्टापायी दहा मुले घरी परत नेली गेली असती तर शिक्षणाचे सारे काम खुंटले असते. असा हिशेब व्यवस्थापकाने केला असेल तर तो समजण्यासारखा आहे. परंतु समजण्यासारखा आणि न्याय्य यांत अंतर असते. त्या दिवशी न्याय विद्यार्थ्याच्या बाजूला होता, हे आज निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे.

नियतीने या प्रसंगाचे उत्तर सहा वर्षांतच मागितले. १९१४ साली कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील व्यक्तीच्या पुतळ्यास कोणीतरी डांबर फासले. छत्रपती आणि अण्णासाहेब यांच्यात या सुमारास दुरावा आलेला होता, आणि पोलिसांच्या संशयाची सुई अण्णासाहेबांकडे वळली. पुरावा नव्हता. तो निर्माण करण्यासाठी भाऊरावांनी अण्णासाहेबांविरुद्ध खोटी साक्ष द्यावी असा दबाव त्यांच्यावर आणण्यात आला. ज्याला या गृहस्थाने वसतिगृहाबाहेर काढले तो तरुण सूड उगविण्यास सहज तयार होईल, असा तपास करणाऱ्यांचा कयास असावा. भाऊरावांनी अतोनात हाल सोसले. त्या छळापायी त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केल्याचे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. पण खोटी साक्ष त्यांनी दिली नाही. अण्णासाहेबांनी कोल्हापूर सोडले आणि बेळगावी वकिली सुरू केली.

येथून त्यांच्या राजकीय जीवनास आरंभ झाला. १९१७ साली भारतमंत्री मॉंटेग्यू हिंदुस्थानात येऊन राजकीय सुधारणांची चर्चा सुरू झाली, तेव्हा मुंबई इलाख्यातील ब्राह्मणेतर समाजापुढे एक रोकडा प्रश्न उभा राहिला. निवडणुका आल्या तरी मतदार कोण, उमेदवार कोण आणि निवडून कोण येणार? शिक्षण व सरकारी नोकऱ्या यांत ज्यांचा शिरकाव नाही, त्यांना नव्या कौन्सिलांतही जागा मिळणार नाही ही भीती निराधार नव्हती. वालचंद कोठारी आणि अण्णासाहेब लठ्ठे या दोन जैन सुशिक्षितांनी डेक्कन रयत असोसिएशनच्या द्वारे ब्राह्मणेतरांसाठी राखीव प्रतिनिधित्वाची मागणी जोरकसपणे मांडली. ‘डेक्कन रयत’ हे इंग्रजी साप्ताहिक त्या मागणीचे मुखपत्र होते. विशेष हे की, ज्यांच्याशी बिनसले होते ते शाहू महाराजही त्याच काळात जातवार प्रतिनिधित्वाचा जाहीर पुरस्कार करीत होते.

१९१९ च्या कायद्यान्वये मुंबई कौन्सिलमध्ये मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवण्यात आल्या. जैनांसाठी स्वतंत्र जागा नव्हती. अण्णासाहेबांनी केवळ स्वतःच्या समाजापुरता विचार केला असता, तर या निकालाने ते नाराज होऊन बाजूला झाले असते. त्यांनी तसे केले नाही. शेतकरी जैनाचे हित हे शेजारच्या मराठा, लिंगायत व इतर शेतकऱ्याच्या हितापासून वेगळे नाही, ही त्यांची धारणा होती आणि गावगाड्याचा अनुभव असलेल्या कोणासही ती पटण्यासारखी आहे. १९२१ ते १९२३ या काळात ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद होते.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे मुंबईत निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी महाराजांचे दोन खंडांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले, आणि त्याचे लेखक होते अण्णासाहेब लठ्ठे. ज्यांच्या राज्यात आपल्यावर किटाळ आले, त्या राजाच्या कार्याची साधार नोंद करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. शाहूचरित्राच्या अभ्यासकाला आजही या ग्रंथापासूनच सुरुवात करावी लागते. पुढे राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत ते ज्या कोल्हापुरातून निघून गेले होते त्याच कोल्हापूरचे दिवाण झाले.

या अवधीत इलाख्यातील स्थानिक स्वराज्याचे चित्र पालटत होते. १९२३ च्या लोकल बोर्ड कायद्याने मताधिकार विस्तारला आणि जिल्हा लोकल बोर्डांत ब्राह्मणेतर शेतकरी मोठ्या संख्येने निवडून येऊ लागले. त्याच वर्षीच्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभारही या संस्थांकडे सोपविला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मुंबई कौन्सिलमध्ये संमत करून घेतला. पण ठराव अमलात आणावयाचा होता तो याच नगरपालिकांनी आणि लोकल बोर्डांनी, आणि तेथे निवडून आलेले बहुजन समाजाचे पुढारीही पुष्कळदा मागे सरले. वरच्यांकडे हक्क मागणारा खालच्याला हक्क देताना कचरतो, ही त्या चळवळीची दुखरी बाजू होती. जैन बोर्डिंगच्या भोजनगृहाच्या दारात ती पंधरा वर्षे आधीच दिसून आली होती.

१९३७ साली बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात अण्णासाहेब अर्थमंत्री झाले. तोपर्यंत ते काँग्रेसमध्ये आले होते. या अडीच वर्षांतील सर्वांत अवघड काम त्यांच्याच वाट्यास आले. मंत्रिमंडळाने दारूबंदीचा निश्चय केला होता, आणि इलाख्याच्या तिजोरीचा मोठा आधार अबकारीचे उत्पन्न हाच होता. ती तूट भरून काढण्यासाठी १९३९ साली शहरी स्थावर मालमत्तेवर कर बसविण्यात आला. मुंबईच्या घरमालकांनी गहजब केला. हा कर वस्तुतः आयकरच आहे, तो बसविण्याचा प्रांताला अधिकार नाही, असा दावा उच्च न्यायालयात गेला, पण न्यायालयाने कर वैध ठरविला. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबईत दारूबंदी सुरू झाली. नोव्हेंबरात युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्याने हा प्रयोग अर्ध्यावर राहिला. मालमत्तेचा बोजा ज्यांच्यावर पडला त्यांत जैन व्यापारी व घरमालकही होते, हे ध्यानात घेतले म्हणजे समाजाचा माणूस अर्थमंत्री असण्याचा अर्थ समाजाला सवलत मिळणे असा अण्णासाहेबांनी कधीच लावला नाही, हे स्पष्ट होते.

याच मंत्रिमंडळाच्या काळात, १९३८ मध्ये, लोकल बोर्डांतील सरकारी नेमणुकीची पद्धत बंद होऊन ती पूर्णतः लोकनियुक्त झाली. स्थानिक स्वराज्याचे खाते अण्णासाहेबांकडे नव्हते, त्यामुळे याचे सारे श्रेय त्यांना देणे योग्य होणार नाही. सामुदायिक जबाबदारीतील एक वाटा मात्र त्यांचा निश्चित आहे. त्याच वर्षी हरिजन मंदिर-उपासनेसंबंधीचा कायदाही मुंबई विधिमंडळाने संमत केला. हा कायदा सक्तीचा नव्हता. मंदिर खुले करावयाचे की नाही याचा निर्णय त्याने विश्वस्तांवर सोपविला, आणि खुले करू इच्छिणाऱ्या विश्वस्तांच्या वाटेतील कायद्याचे अडथळे दूर केले. म्हणजे तीस वर्षांपूर्वी बोर्डिंगचे व्यवस्थापक म्हणून जो निर्णय अण्णासाहेबांना घ्यावा लागला होता, तोच आता ते ज्यात होते त्या सरकारने गावोगावच्या विश्वस्तांपुढे ठेवला.

तोवर भाऊरावांनी त्या प्रश्नाचे उत्तर आपल्या परीने दिले होते. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करून, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली, एका पंगतीत बसविणारे वसतिगृह त्यांनी उघडले आणि त्याला नाव दिले ते शाहू छत्रपतींचे.

सांगलीतील लठ्ठे एज्युकेशन सोसायटी अण्णासाहेबांचे नाव चालविते. २६ जानेवारी १९५० रोजी भारताची राज्यघटना अमलात आली आणि तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे घोषित केले. त्यानंतर चार महिन्यांच्या आतच, १६ मे १९५० रोजी, अण्णासाहेबांचे निधन झाले. साताऱ्याच्या वसतिगृहातील पंगती तेव्हा पूर्वीसारख्याच चालू होत्या.