सुरुंग, पोढी आणि स्तंभ : घोड-भीमेच्या खोऱ्यातील ग्रीक वारशाचा विचार

प्राचीन ग्रीक कला व वास्तुविद्या यांच्या भारतावरील प्रभावाचा विषय निघाला की अभ्यासकांची दृष्टी साहजिकच गंधाराकडे वळते. तेथील बुद्धमूर्तींच्या वस्त्रांच्या चुण्या आणि तक्षशिलेच्या परिसरातील स्तंभशीर्षे यांत तो प्रभाव डोळ्यांना दिसतो. महाराष्ट्रातील पुराव्याचे स्वरूप मात्र निराळे आहे. येथे यवनांची नावे आहेत, पण ग्रीक घडणीचे मंदिर नाही. ग्रीक घाटाची मूर्ती सापडते, पण तिच्या मागे परंपरा उभी राहत नाही. तेव्हा प्रभाव कशास म्हणावे आणि तो कोणत्या साधनाने सिद्ध करावा, हा प्रश्न येथे प्रथम सोडवावा लागतो. त्यासाठी पुणे जिल्ह्यातील घोड व भीमा या नद्यांचे खोरे, विशेषतः शिरूर व दौंड हे तालुके, उपयुक्त उदाहरण ठरतात.

नाणेघाटातून जाणाऱ्या सातवाहनकालीन व्यापारी मार्गाचे जुन्नर हे घाटमाथ्यावरील मोठे केंद्र होते. जुन्नरच्या परिसरातून वाहणारी कुकडी पुढे घोडेस मिळते, घोड शिरूरवरून जाऊन भीमेस मिळते आणि भीमा दौंडजवळून पुढे जाते. या जलमार्गाच्या मुखाशी, जुन्नरच्या लेण्यांत, इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील यवनांचे तीन दानलेख आहेत. 'गतां'पैकी इरिल याने दोन पोढ्या, म्हणजे खडकात कोरलेली पाण्याची टाकी, दिल्या. 'गतां'पैकीच चिट याने संघास भोजनमंडप दिला. आणि मानमोडी डोंगरातील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर चंद नामक यवनाने 'गभदार' दिल्याची नोंद आहे.

'यवन' या शब्दाचे मूळ आयोनियन ग्रीकांच्या नावात असून तो प्राचीन इराणी भाषेच्या द्वारे भारतात रूढ झाला, हे सर्वमान्य आहे. उत्तरकालीन मराठीत हा शब्द मुसलमानांस लावला गेल्याने त्याचा मूळ अर्थ लोपला. परंतु नाव ग्रीक म्हणून वास्तू ग्रीक, हे अनुमान टिकत नाही. या तिन्ही लेखांची भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी आणि दानाची परिभाषा बौद्ध आहे. मानमोडीच्या दर्शनी भागावर गजलक्ष्मी आणि नाग कोरलेले आहेत. त्यात ग्रीक देवतेस स्थान नाही. येथे यवनाने भूमीवर आपला ठसा उमटवला असे म्हणण्यापेक्षा भूमीने यवनास आपल्या रीतीत सामावून घेतले, असे म्हणणे अधिक युक्त होय. केवळ नावावर विसंबण्याचा धोका 'गत' या शब्दाच्या इतिहासात दिसतो. स्टेन कोनो यांनी १९१२ मध्ये त्यात युरोपातील गॉथ लोक पाहिले. ध्वनिसाम्यापलीकडे आधार नसल्याने तो तर्क पुढे मान्यता पावला नाही.

कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक स्तंभ धेनुकाकट येथील यवनांनी दिले आहेत आणि एका स्तंभावर स्फिंक्ससदृश आकृतीही आहे. ती परदेशी कल्पनेची खूण मानता येईल. तथापि स्तंभांचा घटाकार पाया, घंटाकृती शीर्ष आणि त्यावरील गजारूढ युग्मे ही एतद्देशीय परंपरेची आहेत. छताच्या कमानींस तर प्रत्यक्ष लाकडाच्या फासळ्या आहेत. ग्रीकांच्या डोरिक मंदिरातही लाकडी बांधकामाचे अवयव दगडात उतरलेले दिसतात. दोन्हीकडे सुताराचे काम पाथरवटाने पुढे चालवले. पण हे साम्य समान प्रक्रियेचे आहे, उसनवारीचे नव्हे.

याउलट कोल्हापूरजवळ ब्रह्मपुरी येथे सापडलेली पोसायडन या समुद्रदेवतेची लहान कांस्यमूर्ती निःसंशय ग्रीक घाटाची आहे. ती भूमध्य समुद्राकडील व्यापारातून आली. परंतु तिचे अनुकरण करणारी मूर्तिशाखा दख्खनमध्ये निर्माण झाली नाही. वस्तू आली एवढ्याने प्रभाव पडला असे ठरत नाही.

वास्तूच्या आकारात बदल होण्यास परकीय संपर्कच लागतो असेही नाही, हे शिरूर तालुक्यातील इनामगावने दाखवले आहे. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे अनेक वर्षे केले. इसवी सनपूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील येथील घरे प्रथम प्रशस्त व चौकोनी होती. उत्तर-जोर्वे काळात त्यांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतली. उत्खनकांनी त्याचे कारण वाढत्या कोरडेपणात आणि त्यामुळे आलेल्या विपन्नतेत शोधले. ग्रीकांशी या प्रदेशाचा संबंध येण्यापूर्वी कित्येक शतके हा पालट घडला.

मग या खोऱ्यात ग्रीकांचे टिकाऊ असे काय उरले? त्याचे उत्तर दगडापेक्षा शब्दांत अधिक सापडते. 'होरा', 'केंद्र' आणि 'जामित्र' हे कुंडलीतील शब्द ग्रीक ज्योतिषातून संस्कृतात आले. 'द्राख्मे' या नाण्याचे 'द्रम्म' झाले. शिलाहारांच्या लेखांत ते आढळते, आणि त्याचाच वंशज 'दाम' आजही 'दामदुपटी'त नांदतो. वास्तुविद्येच्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाचा शब्द 'सुरुंग' होय. ग्रीक 'सीरिंक्स' म्हणजे पोकळ नळी, पावा. त्यावरून वेढ्याच्या युद्धात खणलेला अरुंद मार्ग. कौटिलीय अर्थशास्त्रात व महाभारतातील लाक्षागृहाच्या कथेत 'सुरुङ्गा' हा शब्द भुयार या अर्थी येतो. तो ग्रीकातून आला, हे ऑटो स्टाइन यांनी सविस्तर प्रतिपादिले आणि बहुसंख्य अभ्यासकांनी ते स्वीकारले आहे.

हिंदीत 'सुरंग' शब्दाने अद्यापि बोगद्याचा अर्थ सांभाळला आहे. मराठीत मात्र अर्थाची गती निराळी झाली. दारूगोळ्याच्या युगात भुयारात दारू भरून बुरूज उडवण्याची रीत आली. १६६० मध्ये चाकणच्या किल्ल्याचा बुरूज मोगलांनी असाच उडवला. त्यामुळे मार्गाचे नाव स्फोटास मिळाले आणि मूळ अर्थासाठी 'भुयार' व 'बोगदा' हे शब्द राहिले. शिरूर आणि दौंड हे पर्जन्यछायेतील तालुके. तेथे विहीर खणताना मुरुमाखाली काळा खडक लागला की पहारीने अरुंद छिद्र पाडून त्यात दारू ठासावयाची, हे काम म्हणजे 'सुरुंग लावणे'. नळीपासून निघालेला शब्द अर्थाचे एवढे स्थित्यंतर करून पुन्हा खडकातील नळीसारख्या छिद्रापाशी आला आहे.

याच दौंड तालुक्यात ग्रीक भाषा दुसऱ्या एका मार्गानेही आली. केडगाव येथील मुक्तिमिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक यांचे अध्ययन करून मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये तेथेच छापून निघाला. एकाच तालुक्यात विदुषीने ग्रीक जाणूनबुजून आत्मसात केले, तर विहीर खणणाऱ्याच्या मुखी ते त्याच्या नकळत आधीच होते.

जाणीवपूर्वक स्वीकाराचे वास्तुरूप पाहावयाचे तर मुंबईच्या टाउन हॉलकडे जावे लागते. १८३३ मध्ये उघडलेल्या या इमारतीचे डोरिक स्तंभ थेट ग्रीक आदर्शावर उभारलेले आहेत. परंतु तो आदर्श ब्रिटिश राज्यकर्त्यांच्या अभिरुचीतून आला. खेड्यातील गवंड्याच्या हातात तो उतरला नाही.

यावरून परकीय प्रभावाचे तीन प्रकार वेगळे करणे आवश्यक ठरते : व्यक्तीचे आगमन, वस्तूचे आगमन आणि व्यवहारात मुरलेला स्वीकार. पहिल्या दोहोंचा पुरावा शिलालेख व उत्खनन देतात; तिसऱ्याचा पुरावा बहुधा भाषाच देते. कूपनलिका आणि यंत्रे यांमुळे विहीर खणण्याची जुनी रीत मागे पडत आहे. त्या कामातील शब्द शिरूर-दौंडच्या वडीलधाऱ्या कारागिरांकडून वेळीच नोंदवून घेतले, तर शिलालेखांच्या अभ्यासास त्यांची मोलाची जोड मिळेल.