पाटी आणि कळफलक : संकरित संगणकाच्या वाटचालीचा आढावा

टॅब्लेट आणि लॅपटॉप या दोन्ही उपकरणांचे काम एकाच यंत्राकडून करून घेण्याची कल्पना स्पर्शपडद्याच्या मोबाइल फोनपेक्षा बरीच जुनी आहे. अशा यंत्राला 'हायब्रिड', म्हणजे संकरित, किंवा बाजारभाषेत 'टू-इन-वन' म्हणतात. त्यातील ज्याचा पडदा कळफलकापासून पूर्णपणे सुटा होतो ते 'डिटॅचेबल' आणि ज्याचा पडदा बिजागरीवर फिरून कळफलकावर उताणा पडतो ते 'कन्व्हर्टिबल', असे दोन मुख्य प्रकार मानले जातात. या यंत्रांच्या इतिहासाकडे तांत्रिक प्रगतीचा इतिहास म्हणून पाहण्याची रीत असली, तरी तो तितकाच काम करण्याच्या दोन पद्धतींचाही इतिहास आहे. कारण हातात पाटी धरून उभ्याने करायचे काम आणि मेजापाशी बसून कळफलकावर करायचे काम एकाच माणसाच्या वाट्याला एकाच दिवसात कितपत येते, यावरच प्रत्येक पिढीतील यंत्राचे भवितव्य ठरत आले आहे.

या कल्पनेचे पूर्वरूप ॲलन के यांच्या 'डायनाबुक'मध्ये सापडते. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात असताना १९७२ मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यांनी वहीच्या आकाराचा, मुलांनाही सहज वापरता येईल असा वैयक्तिक संगणक मांडला. त्याच्या चित्रात पडदा आणि कळफलक एकाच सपाट पृष्ठावर दाखवलेले होते, म्हणजे पाटी आणि टंकलेखन यांत निवड करण्याची वेळ वापरणाऱ्यावर येतच नव्हती. त्या काळातील सुट्या भागांतून असे यंत्र घडवणे शक्य नसल्याने ते कागदावरच राहिले.

प्रत्यक्ष बाजारात टिकलेली पहिली पाटी मात्र कळफलकाविना आली. ग्रिड सिस्टिम्स या कंपनीचे 'ग्रिडपॅड' १९८९ मध्ये विक्रीस आले. जेफ हॉकिन्स यांनी आखलेल्या या यंत्राचे वजन सुमारे दोन किलो होते आणि तारेने जोडलेल्या लेखणीने पडद्यावर सुटी सुटी अक्षरे काढली, तर त्यांचे छापील अक्षरांत रूपांतर होत असे. त्याचे गिऱ्हाईक कार्यालयातील लेखनिक नव्हते, तर मालाची मोजदाद करणारे, तपासणी करणारे आणि जागेवर जाऊन छापील नमुने भरणारे कर्मचारी होते. त्यांना लांबलचक मजकूर लिहायचा नसून रकाने भरायचे होते आणि ते उभ्यानेच भरायचे होते, त्यामुळे यंत्राच्या मर्यादा त्यांच्या कामाच्या आड फारशा आल्या नाहीत.

या मर्यादित यशावरून मोठा निष्कर्ष काढला गेला, तो असा की टंकलेखन न येणारा सर्वसामान्य माणूस लेखणीमुळे संगणकाकडे वळेल. जेरी कॅप्लन यांनी १९८७ मध्ये सहसंस्थापक म्हणून उभ्या केलेल्या 'गो' कंपनीने लेखणीसाठी 'पेनपॉइंट' ही स्वतंत्र कार्यप्रणाली, म्हणजे यंत्राचा सगळा कारभार चालवणारी मूळ आज्ञावली, तयार केली. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या विंडोजला लेखणीची जोड दिली. पुढे दणकट कळफलकासाठी नावाजलेले 'थिंकपॅड' हे आयबीएमचे नाव १९९२ मध्ये प्रथम लागले, तेही पेनपॉइंटवर चालणाऱ्या आणि कळफलक नसलेल्या पाटीलाच. मात्र हस्ताक्षर ओळखण्याचे तंत्र कच्चे होते. १९९३ मध्ये आलेल्या ॲपलच्या 'न्यूटन'ने शब्दांचे केलेले विपर्यास विनोदाचा विषय झाले आणि 'गो' कंपनी १९९४ मध्ये संपली. यातून हॉकिन्स यांनी काढलेला मार्ग उलट दिशेचा होता. १९९६ च्या 'पाम पायलट'मध्ये यंत्राने माणसाचे अक्षर शिकण्याऐवजी माणसानेच यंत्रासाठी सोपी केलेली वर्णमाला शिकावी, अशी योजना त्यांनी केली आणि ती लोकांनी स्वीकारली.

संकरित यंत्र खऱ्या अर्थाने याच पडझडीतून पुढे आले, कारण लेखणीवर पूर्ण विसंबणे धोक्याचे आहे हे उत्पादकांना उमगले होते. कळफलक सुटा होणारे कॉम्पॅकचे 'कॉन्चेर्टो' आणि पडदा उलटून वर घेता येणारे आयबीएमचे 'थिंकपॅड ७५० पी' ही १९९३ च्या सुमाराची त्याची आरंभीची उदाहरणे होत. दुसरा आणि अधिक मोठा प्रयत्न ७ नोव्हेंबर २००२ रोजी मायक्रोसॉफ्टने 'टॅब्लेट पीसी'साठी विंडोज एक्सपीची खास आवृत्ती आणली तेव्हा झाला. त्याच्या आदल्याच वर्षी बिल गेट्स यांनी पाच वर्षांत अमेरिकेत हाच प्रकार सर्वाधिक खपेल, असे भाकीत केले होते. या आवृत्तीतील महत्त्वाचा विचार 'डिजिटल शाई'चा होता; म्हणजे लिहिलेल्याचे लगेच छापील अक्षरांत रूपांतर न करता ते हस्ताक्षर म्हणूनच जपायचे आणि शोधाच्या सोयीसाठी त्याची ओळख पडद्याआड करून ठेवायची. ज्या मोजक्या भाषांचे हस्ताक्षर ही यंत्रे ओळखत, त्यांत देवनागरीत लिहिली जाणारी एकही भाषा नव्हती, त्यामुळे मराठी लिहिणाऱ्याला लेखणीचा उपयोग आकृत्या आणि टिपणे यांपलीकडे होत नसे.

गेट्स यांचे भाकीत खोटे ठरण्यामागे तीन कारणे होती. लेखणीचे स्थान टिपणारा विद्युतचुंबकीय थर आणि फिरती बिजागरी यांमुळे किंमत वाढे; पाटी म्हणून हातात धरल्यावरही बहुतेक यंत्रांत कळफलकाचे ओझे पडद्याखाली तसेच राही; आणि पडद्यावरील बारीक बटणे माउसच्या टोकासाठी आखलेली असल्याने लेखणी तेथे केवळ माउसची बदली कामगार ठरे. रुग्णालये, विमा तपासणी आणि विद्यापीठे येथे ही यंत्रे रुजली, म्हणजे ग्रिडपॅडचाच गिऱ्हाईकवर्ग थोडा विस्तारला. मेजावरचा लॅपटॉप मात्र आपल्या जागेवरून हलला नाही.

ॲपलने २०१० मध्ये आणलेल्या आयपॅडने हा प्रश्न एक बाजू सोडून देऊन सोडवला. लेखणी आणि कळफलक दोन्ही वगळून त्याने बोट हेच साधन धरले, सगळी आज्ञावली बोटाच्या मापाने आखली आणि वजन ६८० ग्रॅमवर आणले. तथापि वाचणे आणि पाहणे यांपलीकडच्या कामाला कळफलक लागतोच, हे लवकरच दिसून आले. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत आलेली दोन यंत्रे याच जाणिवेची दोन उत्तरे होती. लेनोवोच्या 'योगा'ने बिजागरी ३६० अंशांत फिरवून लॅपटॉपला पाटीचा गुण दिला, तर मायक्रोसॉफ्टच्या 'सरफेस'ने पाटीला मागे टेकू आणि पुढे पातळ कळफलक जोडला. सरफेसच्या हलक्या, जुने विंडोज कार्यक्रम न चालवणाऱ्या आवृत्तीच्या पडून राहिलेल्या साठ्यापायी कंपनीला २०१३ मध्ये ९० कोटी डॉलर्सचा फटका हिशेबात दाखवावा लागला. २०१४ चे 'सरफेस प्रो ३' मात्र १२ इंची पडदा आणि ८०० ग्रॅम वजन यांच्या बळावर स्थिरावले. टोस्टर आणि फ्रिज एकत्र करून कोणाचे समाधान होणार नाही, असा टोला २०१२ मध्ये ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी संकरित यंत्रांना लगावला होता. तरीही २०१५ मध्ये ॲपलने स्वतःच्या 'आयपॅड प्रो'सोबत लेखणी आणि कळफलक दोन्ही आणले.

दैनंदिन कामाच्या तराजूत या दोन घडणी टाकल्या तर त्यांचे गुणदोष कोणते काम मुख्य यावर पालटतात. फिरत्या बिजागरीचे यंत्र मांडीवर स्थिर बसते आणि दीर्घ लेखनाला सोयीचे पडते, पण पाटी म्हणून हातात धरताना जड वाटते. सुटे होणारे यंत्र वाचन, सही आणि आकृतीला हलके असते, पण टेकूच्या आधाराने मांडीवर डळमळते. उभ्या पडद्याकडे वारंवार हात उचलून स्पर्श करण्याने येणारा खांद्याचा शिणवटा दोन्हींत सारखाच असल्याने बसल्या कामात स्पर्शाचा वापर तुरळकच राहतो. सरफेस प्रो आणि आयपॅड प्रो बाजारात आले तेव्हा त्यांच्या किमतीत कळफलक धरलेला नव्हता, तो निराळे पैसे मोजून घ्यावा लागे. विकणाऱ्याच्या लेखी पाटी हे यंत्र आणि कळफलक ही जोड, तर कार्यालयात बसणाऱ्या बहुतेकांच्या लेखी नेमके उलट, हा ग्रिडपॅडच्या काळापासूनचा मतभेद त्या दोन पावत्यांत तसाच राहिला आहे.