तारेवरची अक्षरे

१८७२ साली शांघाय येथे चिनी भाषेतील एक चमत्कारिक कोश प्रसिद्ध झाला. त्यात अर्थ नव्हते, उच्चार नव्हते, उदाहरणे नव्हती. होत्या त्या केवळ सुमारे सहा हजार आठशे चिनी अक्षरांच्या रांगा, आणि प्रत्येक अक्षराशेजारी चार आकडी एक क्रमांक. हा कोश वाचण्यासाठी नव्हताच. तारायंत्रावर बसलेल्या माणसाने संदेशातील प्रत्येक अक्षर त्यात शोधायचे, त्याचा क्रमांक टिपायचा आणि ते चार आकडे मोर्सच्या टिंबांत आणि रेघांत रवाना करायचे. पलीकडच्या टोकाला दुसऱ्या माणसाने तोच कोश उलट्या दिशेने चाळून आकड्यांची पुन्हा अक्षरे करायची. कोशाचा कर्ता सेप्तिम ओगुस्त व्हिगिये हा शांघायच्या बंदरात सीमाशुल्क खात्यात नोकरीस असलेला फ्रेंच गृहस्थ. आणि त्याच्याही आधी या कामाचा पहिला आराखडा केला होता तो हान्स शेलेरुप या कोपनहेगनच्या ज्योतिर्विदाने. अरबी ताऱ्यांच्या ग्रंथांत रमणाऱ्या या माणसाला चिनी भाषेचीही ओढ होती.

अक्षराला आकडा देण्याची ही रीत पाश्चात्त्यांना पौर्वात्य लिपीच्या अवघडपणाचा पुरावा वाटे. वस्तुतः ती खुद्द मोर्सची पहिली कल्पना होती. १८३७च्या सुमारास सॅम्युएल मोर्सच्या मनात अक्षरे पाठवण्याचा विचार नव्हता. इंग्रजी शब्दांचा एक मोठा क्रमांकित कोश करावा, तारेवरून फक्त आकडे पाठवावेत आणि कोशातून शब्द शोधून काढावेत, अशी त्याची योजना होती. अक्षरांचा तक्ता त्यानंतर आला. सहकारी आल्फ्रेड व्हेलने छापखान्यातील खिळ्यांच्या पेटीत कोणत्या अक्षराचे खिळे किती आहेत हे पाहिले आणि ज्यांची गरज अधिक त्यांना छोटे संकेत दिले, असे सांगितले जाते. इंग्रजीत सर्वांत अधिक लागणाऱ्या ‘ई’ला एकच टिंब मिळाले ते यामुळे. १८४४ साली वॉशिंग्टन ते बाल्टिमोर ही तार सुरू झाली तेव्हा क्रमांकांचा कोश मागे पडला होता. पुढे १८४८ साली हॅम्बुर्गच्या फ्रीड्रिख गेर्के याने तो तक्ता सुधारला आणि काही फेरफारांनंतर १८६५ साली पॅरिसच्या परिषदेत त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. जगभर ‘मोर्स’ म्हणून पसरला तो बव्हंशी हा जर्मन वळणाचा तक्ता.

या तक्त्यात जागा किती, याचा हिशेब सोपा आहे. एक ते चार चिन्हांच्या जितक्या जुळण्या होतात त्या सगळ्या मोजल्या तर बेरीज तीस येते. पाच चिन्हांच्या आणखी बत्तीस; पैकी दहा आकड्यांसाठी राखलेल्या. सव्वीस अक्षरांच्या रोमन वर्णमालेला तीस घरांत ऐसपैस राहता येते. रशियन वर्णमाला मोठी. तिच्या आजच्या तक्त्यात ही तीसही घरे भरलेली आहेत, एकही रिकामे नाही, आणि तरीही एका स्वराला पाच चिन्हांच्या मजल्यावर जावे लागले. रशियन अक्षरांना शक्यतो समान उच्चाराच्या रोमन अक्षरांचे संकेत दिले. जिथे जोडीदार सापडला नाही तिथे जे शिल्लक होते ते दिले. रशियन ‘व’ने रोमन ‘डब्ल्यू’चा संकेत घेतल्यामुळे ‘व्ही’चा मोकळा राहिला, तर तिथे ‘झ’सारख्या घर्षक वर्णाची सोय लागली. ग्रीक आणि अरबी लिप्यांनीही थोड्याफार फरकाने हेच केले. अरबीत एका अक्षराची शब्दातील स्थानानुसार चार रूपे होतात. तारेवर ती चारी एक झाली.

जपानने मात्र वेगळाच मार्ग धरला. टोकियो आणि योकोहामा यांच्यामधील तार १८७० साली लोकांसाठी खुली झाली. जपानी काना अक्षरांचा एक जुना पाठ आहे: प्रत्येक अक्षर एकदाच वापरून रचलेली ‘इरोहा’ ही कविता. तिच्या क्रमानेच कोशांतील शब्द लावले जात. संकेत ठरवणाऱ्यांनी या कवितेतील अक्षरे रोमन वर्णमालेतील अक्षरांशेजारी ओळीने उभी केली. पहिल्या ‘इ’ला ‘ए’चा संकेत मिळाला, त्यानंतरच्या ‘रो’ला दोन टिंबे डोक्यावर असलेल्या जर्मन ‘ए’चा, तिसऱ्या ‘हा’ला ‘बी’चा, चौथ्या ‘नी’ला ‘सी’चा. उच्चाराचा संबंध नाही, वापराचाही नाही. परिणाम असा की व्हेलने मोजून-मापून इंग्रजी ‘ई’साठी ठेवलेले एकुलते टिंब जपानीत ‘हे’ला मिळाले, ‘शि’ आणि ‘न्’ ही रोज शेकडो वेळा लागणारी अक्षरे कवितेच्या शेवटाकडे पडली आणि पाच-पाच चिन्हे ओढत बसली. एका कवितेने एका देशाच्या तारमास्तरांच्या मनगटांना शतकभर किती कष्ट दिले असतील!

तरीही या तक्त्यात एक शहाणपणाची गोष्ट आहे. जपानीत ‘का’वर दोन छोटे फटकारे दिले की ‘गा’ होतो. तारेसाठी ‘गा’ला वेगळे घर दिले नाही, ‘का’ पाठवायचा आणि मागोमाग फटकाऱ्यांचा स्वतंत्र संकेत, म्हणजे दोन टिंबे. लिहिताना अक्षराच्या अंगावर असलेली खूण तारेवर अक्षरानंतर येऊ लागली. कागदावर जे वर-खाली, मागे-पुढे असते ते काळाच्या एकाच ओळीत कसे लावायचे, हा प्रश्न इथे प्रथम उघडपणे दिसतो. रोमन लिपीला तो कधी पडला नव्हता.

चीनपुढे हा प्रश्न नव्हता, कारण तिथे वर्णमालाच नव्हती. होती ती हजारो अक्षरे. १८६९ साली स्थापन झालेल्या ग्रेट नॉर्दर्न टेलिग्राफ कंपनी या डॅनिश कंपनीने हाँगकाँगहून समुद्रतळाने आणलेली तार १८७१ साली शांघायला पोहोचली. किनाऱ्यावर तार घेण्यास चिनी सरकार राजी नव्हते. कंपनीने ते काम गाजावाजा न करता उरकले. तार पोहोचली, पण चिनी व्यापाऱ्याला तिच्यावरून आपल्या भाषेत एक अक्षरही पाठवता येईना. शेलेरुपचा आराखडा आणि व्हिगियेचा कोश ही त्या अडचणीची उत्तरे. १८८१ साली झेंग ग्वानयिंग या सुधारकाने सुधारलेला कोश काढला आणि त्याच वर्षी शांघाय ते तिएनत्सिन ही चीनच्या स्वतःच्या मालकीची लांब तारही उभी राहिली.

कोशातील क्रम परंपरागत होता: अक्षराचे मूलचिन्ह ओळखायचे आणि अशा २१४ मूलचिन्हांच्या गटांत ते शोधायचे. म्हणजे एका आकड्याची चूक झाली तर संदेशात बहुधा त्याच कुळातले भावंड येऊन बसणार. अनुभवी तारमास्तरांना हजारो क्रमांक मुखोद्गत असत. परंतु स्मरणशक्तीने वेळ वाचला तरी चिन्हे कमी होत नाहीत. मोर्सच्या तक्त्यात आकडे सर्वांत लांब. प्रत्येकी पाच चिन्हे, आणि शून्य म्हणजे पाचही रेघा. रेघ टिंबाच्या तिप्पट वेळ घेते. ‘मध्य’ या अर्थाचे, चीनच्या नावात येणारे ‘झोंग’ हे अक्षर पुढे रूढ झालेल्या कोशात ००२२ आहे. ते पाठवायला टिंबाच्या सत्याहत्तर पट वेळ लागतो. ‘पॅरिस’ हा पाच रोमन अक्षरांचा सबंध शब्द त्रेचाळीस पटींत होतो. पुढे तारमास्तरांनी शून्याला एकच रेघ मारण्यासारखे संक्षेप रूढ केले, आणि कोशांत आकड्यांशेजारी तीन रोमन अक्षरांचे पर्यायी संकेतही छापले जाऊ लागले. तीन अक्षरांच्या जुळण्या साडेसतरा हजारांहून अधिक होतात.

वेळेपेक्षा मोठा प्रश्न दर्जाचा होता. आंतरराष्ट्रीय तारनियमांत संदेशांचे वर्ग होते: उघड भाषेतील आणि गुप्त भाषेतील. आकड्यांचे गट दुसऱ्या वर्गात पडत. त्यांची मोजणी वेगळी, दर चढे. गुप्तता राखू पाहणाऱ्या सरकारांसाठी आणि सट्टेबाजांसाठी केलेला हा नियम मुलाने घरी पाठवलेल्या खुशालीच्या चिनी तारेलाही लागू होई. इंग्रज, फ्रेंच किंवा रशियन माणूस आपल्या भाषेत बोले तेव्हा तो उघड बोले. चिनी माणसाची भाषा तारेच्या दृष्टीने मुळातच सांकेतिक होती.

या काटकसरीतून एक मौजेची गोष्टही जन्मली. तारखेसाठी जास्त अक्षरे खर्च होऊ नयेत म्हणून चिनी तारांमध्ये महिन्यातील दिवसांना काव्यशास्त्रातील यमकवर्गांची नावे देण्याची पद्धत पडली. शतकानुशतके कवींनी पाठ केलेली यमकांची यादी तारकचेरीत दिनदर्शिका झाली. बारावा दिवस ‘वेन’, एकविसावा ‘मा’. ‘मा’ म्हणजे घोडा. २१ मे १९२७ रोजी चांगशा येथे कम्युनिस्टांवर झालेल्या लष्करी हल्ल्याला इतिहासात ‘घोड्याच्या दिवसाची घटना’ म्हणतात, आणि तिच्यात घोडे शोधणाऱ्याची निराशा होते. त्याच शहरात नोव्हेंबर १९३८मध्ये लागलेली भीषण आग ‘वेन-रात्रीची आग’ म्हणून ओळखली जाते. ‘वेन’ म्हणजे १२ तारीख.

हिंदुस्थानात तार चीनच्या आधी आली. १८५०च्या दशकातच तिचे जाळे कलकत्ता, मुंबई, मद्रास, आग्रा यांना जोडू लागले होते. तरीही देशी लिप्यांसाठी असा तक्ता तिच्याबरोबर आला नाही. चीनमध्ये कंपनीला गिऱ्हाईक हवे होते, म्हणून कोश झाला. इथे तार राज्यकर्त्यांची होती आणि राज्यकर्त्यांची भाषा तीस घरांत सुखाने मावत होती. मराठी माणसाला मराठीत तार करायची तर ती रोमन अक्षरांत. मग ‘कल’, ‘कळ’, ‘काल’ आणि ‘काळ’ या चार शब्दांचा पलीकडे एकच शब्द होई. कोणी काल आला की कोणाचा काळ आला, हे घेणाऱ्याने संदर्भाने जाणावे. बहुधा लोक इंग्रजीतच तार करीत आणि खेड्यात ती वाचायला इंग्रजी जाणणारा माणूस शोधावा लागे. तार म्हटली की घरात रडारड सुरू होण्याची जी पद्धत होती तिच्यात या न समजणाऱ्या लिपीचा वाटा लहान नसावा.

देवनागरीची अडचण खरी होती. स्वर-व्यंजने पन्नासच्या आसपास. तीस घरे पुरणार नाहीत. त्यात मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरे. ‘स्थिती’ या शब्दात पहिली वेलांटी लिहिली जाते ‘स्थ’च्या आधी, उच्चारली जाते नंतर, तारेवर तिने केव्हा यावे? ‘स्थ’ हे एक अक्षर की दोन? प्रातिशाख्यांच्या काळापासून वर्णांची फोड करणाऱ्या परंपरेला हे प्रश्न अवघड नव्हते. पण ते तिला विचारले कोणी नव्हते. देवनागरीतील तारसेवा १ जून १९४९ रोजी, स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांनी, निवडक शहरांत सुरू झाली. प्रत्यय नामाला चिकटवून लिहिणाऱ्या मराठीला तारेची शब्दमोजणी सोयीची होती: इंग्रजीत तीन शब्द लागतात तिथे ‘घरापासून’ हा एक पुरतो. हा लाभ ध्यानात येईपर्यंत तारेची जागा दूरध्वनी घेऊ लागला होता. १४ जुलै २०१३ रोजी भारतातील शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या. टिंब-रेघेची टकटक त्याच्याही पुष्कळ आधी थांबली होती.

चिनी क्रमांक मात्र तारेबरोबर गेले नाहीत. रोमन लिपीत लिहिलेल्या चिनी नावावरून मूळ अक्षरे ओळखता येत नाहीत, आकड्यांवरून येतात. म्हणून हाँगकाँगच्या ओळखपत्रावर माणसाच्या चिनी नावाखाली आजही चार-चार आकड्यांचे गट छापलेले असतात, आणि अमेरिकेच्या प्रवेशपरवान्याच्या अर्जात अर्जदाराला आपल्या नावाचा तारसंकेत आहे का, असे विचारले जाते.