चट्टा लपवायला कोणी शिकवलं?

अंगावर चट्टा उठला की आपण आधी काय बघतो? खाजतो का ते. खाजत असेल तर गजकर्ण समजून मलम आणतो. खाजत नाही, दुखत नाही, तर सोडून देतो. आजच्या विषयाची मेख इथंच आहे. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा खाजत नाही, दुखतही नाही. तो फिकट किंवा लालसर असतो आणि त्या जागी स्पर्श नीट कळत नाही. कारण हा जंतू कातडीबरोबर नसांनाही धरतो.

हा जंतू १८७३ साली नॉर्वेतल्या बर्गन शहरात डॉ. हॅन्सन यांनी शोधला. म्हणजे हा आजार पापाचं फळ नाही, हे तेव्हाच मिटायला हवं होतं. मिटलं नाही.

मुंबईत १८९० साली माटुंग्याला बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उघडलं. पुढाकार होता पालिका आयुक्त अ‍ॅकवर्थ यांचा. हो, तेच, मराठी पोवाडे गोळा करणारे! वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ रुग्णालय ते हेच. पण आठ वर्षांनी, १८९८ मध्ये, कायदा आला. तो लागू केलेल्या भागात, रस्त्यावर भीक मागणारा किंवा पोटापाण्याचं साधन न दिसणारा कुष्ठरुग्ण पोलीस वॉरंटाशिवाय पकडू शकत. रुग्णांना खाण्याचे पदार्थ बनवून विकायला, सार्वजनिक विहिरीवर पाणी भरायला बंदी घालता येई. आता बघा, वाड्यात राहणाऱ्या श्रीमंत रुग्णाच्या दारात पोलीस येणार नव्हता. धाक होता तो गरिबाला. मग त्यानं काय करावं? चट्टा झाकला.

तेव्हा उपाय तरी काय होता? कडू कवठाच्या जातीतल्या बियांचं तेल, चालमोगरा. त्याची इंजेक्शनं फार दुखायची, गुण बेताचाच. १९४० च्या दशकात डॅप्सोनसारखी औषधं आली, पण एकट्या डॅप्सोनला जंतू पुढं दाद देईना. म्हणून १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं एकाहून अधिक औषधं एकत्र द्यायची शिफारस केली. आज रुग्णाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत उपचार पुरा होतो, आणि सरकारी केंद्रात तो फुकट मिळतो. औषध सुरू झालं की संसर्गाची भीती लवकरच जाते.

आता तारखा शेजारी ठेवा. खात्रीचा उपचार १९८१ चा. १८९८ चा कायदा रद्द झाला २०१६ साली! आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून निघालं ते २०१९ मध्ये. दत्तपूर, तपोवन, आनंदवन या संस्थांचा आपल्याला अभिमान आहे, असायलाच हवा. पण घरचं दार बंद झालं म्हणून माणसं तिथं गेली, हेही विसरू नका.

आजही जगातले निम्म्याहून जास्त नवे रुग्ण भारतात सापडतात. उशीर झाला तर बोटं वाकडी होतात, पायाला न कळणाऱ्या जखमा होतात. ही हानी जंतू मेला तरी बहुधा भरून येत नाही. म्हणून घरी गेल्यावर एक करा. न खाजणारा जुना चट्टा असेल तर डोळे मिटा आणि दुसऱ्या कुणाला त्यावर कापूस टेकवायला सांगा. स्पर्श कळला नाही तर थेट आरोग्य केंद्रात जा. कळला, तरी चट्टा जात नसेल तर डॉक्टरांना दाखवाच. झाकू मात्र नका.